तापीखोऱ्यातला खेळ : प्रकल्प नोंदी

रविवार, ६ एप्रिल २०२५, अमळनेर

आज काम सुरू केलं. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे २०१४ चे नियम पायाला धरून खानदेशात घडणारा आणि मराठीत खेळायचा खेळ बांधायचा आहे. एक नियमपुस्तिका, तीन मोहिमा आणि एक मोठा नकाशा. नकाशात मधोमध तापी, तिला येऊन मिळणाऱ्या गिरणा, बोरी, पांझरा, वर सातपुडा, खाली अजिंठ्याची रांग. काळ फारुकी सुलतानांचा, अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतला त्याच्या आधीचा. राक्षस, मंत्र, शापित विहिरी आपल्या पदरच्या.

परवानगीची अडचण नाही. या नियमांचा गाभा जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. श्रेय छापलं की भाषांतर करा, बदला, वाटा, विका.

ज्यांनी खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी पुस्तिकेच्या सुरुवातीलाच लागतील. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन माणसांनी खेळण्यातल्या सैनिकांच्या युद्धखेळांतून १९७४ मध्ये हा खेळ काढला. पट असला तर असतो, नसला तरी चालतं. एक जण डीएम, म्हणजे डन्जन मास्टर. तो जग सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपण काय करतो ते बोलतात. जमेल की नाही अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही, गोष्ट पुढे जाते.

आमची मंडळी: अप्पा, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त. वहिनी, सराफाकडे हिशेब बघतात. बापू, बोरीकाठी कापूस लावतात. आणि माझा भाचा, जळगावला इंजिनिअरिंगला आहे, हा खेळ घरात त्यानेच आणला. डीएम मी. जागा आमची गच्ची, वेळ दिवेलागणीनंतर, कारण एप्रिलातच पारा चाळिशीच्या वर गेलाय आणि त्याआधी गच्चीवर पाय ठेववत नाही.

रविवार, १३ एप्रिल

आज फक्त सामानाची यादी वाचली आणि त्यातच रात्र झाली. मला हे फार आवडलं. मोहिमेला निघण्याआधी माणसं किराण्यावर इतकी बोलतील असं वाटलं नव्हतं.

सुरुवात वहिनींनी केली. नियमपुस्तकात ५० नाण्यांचं वजन एक पौंड दिलंय. त्यांनी मोबाइलवर भागाकार केला: एक सोन्याचं नाणं ९ ग्रॅमचं. म्हणजे तोळ्याला थोडं कमी. मग त्या एकेक भाव वाचत गेल्या आणि गच्चीवरचे आवाज वाढत गेले. बसायचं घोडं ७५ नाणी, ६८० ग्रॅम सोनं. अंगभर पोलादी चिलखत १५०० नाणी, साडेतेरा किलोच्या वर. जखम भरणाऱ्या औषधाची एक कुपी ५० नाणी, म्हणजे अख्खा पौंडभर सोनं. आणि दहा चांदीच्या नाण्यांना सोन्याचं एक. "सराफ्यात असा भाव सांगणाऱ्याला आम्ही पाणी पाजून घरी पाठवू," वहिनी म्हणाल्या.

अप्पांचं लक्ष दुसरीकडे होतं. मजुराची मजुरी रोज दोन चांदीची नाणी, आणि गरिबीत राहण्याचा रोजचा खर्चही दोनच. हातात शिल्लक काही नाही. पोटाला चिमटा घेऊन सगळीच्या सगळी मजुरी बाजूला टाकली तरी त्या औषधाच्या कुपीला २५० दिवस लागतात. एक चौरस वार सुती कापड पाच चांदीची नाणी, अडीच दिवसांची मजुरी. बापूंनी ते दोनदा विचारून घेतलं. कापूस पिकवणाऱ्याला कापडाचा भाव लगेच लागतो.

भाच्याने जुनी एक गंमत सांगितली. तिसऱ्या आवृत्तीत दहा फुटी शिडी पाच तांब्याच्या नाण्यांना होती आणि दहा फुटी काठी दोन चांदीच्या. शिडी घ्यायची, पायऱ्या काढून टाकायच्या, दोन काठ्या विकायच्या: चांदीचं एक नाणं म्हणजे तांब्याची दहा, त्यामुळे पाचाचे चाळीस. गुहेत जायची गरजच नाही. पाचव्या आवृत्तीत शिडी एक चांदीचं नाणं आणि काठी पाच तांब्याची, त्यामुळे हिशेब बरोबर फिटतो.

या यादीत भाव आहेत, बाजार नाही. एकाच भावाने सगळीकडे सगळं मिळतं, घासाघीस नाही, ओळख नाही, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे उधारी नाही. गावगाड्यात सुतार-लोहाराला वर्षाचं बलुतं धान्यात मिळायचं, रोकडा कुठे होता? आजही बापूंचं बियाणं आणि खत आधी येतं, पैसे कापूस निघाल्यावर जातात. म्हणून पुस्तिकेतली यादी नव्याने लिहायची: सोनं फक्त किल्ल्यात आणि गुप्तधनात. गावात धान्य, कापूस, गूळ आणि शब्द. प्रत्येक पात्राच्या कागदावर 'कोणाचं किती देणं' अशी एक ओळ. देणं डोक्यावर असताना त्याच गावातून पुन्हा उधार मागायचं तर फासा टाकावा लागेल, आणि देणं फेडलं की पुढच्या वेळी फाशाशिवाय मिळेल.

रविवार, २० एप्रिल

फासे अजून आलेले नाहीत. गावात वीस बाजूंचा फासा कुठे मिळत नाही, बाहेरून मागवावा लागतो. तोवर वहिनींनी माहेरच्या सारीपाटातल्या सहा कवड्या आणल्या.

कवड्या टाकत बसलो तेव्हा भाच्याने वहीवर आकडे मांडले. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकड्याची शक्यता सारखी, शंभरात पाच. एक पडायची शक्यता जेवढी, तेवढीच अकराची, तेवढीच विसाची. सहा कवड्यांचं तसं नाही. कवडी उताणी किंवा पालथी, दोन्ही शक्यता सारख्या धरल्या तर एकूण ६४ प्रकार होतात. त्यातले २० प्रकार तीन उताण्यांचे. सहाच्या सहा उताण्या फक्त एकदा, सहाच्या सहा पालथ्या फक्त एकदा. खरी कवडी अगदी समसमान पडत नसणार, पण दान मधे साचतं आणि कडेला विरळ होतं एवढं नक्की.

वहिनींचं पात्र स्वयंपाकीण आहे. खापरावर मांडे करते आणि त्या जोरावर कुठल्याही वाड्यात शिरते. मी सवयीने म्हटलं, फासा टाका. त्या म्हणाल्या, "मांड्याला फासा कसला? माझी आई हातावर पुरणाचा मांडा वाढवून खापरावर टाकायची. कधी जरा जाड व्हायचा, कधी कडेला फाटायचा. पण वीस मांड्यांत एक जमिनीवर पडला असं कधी झालं नाही." नियमही खरं तर असंच सांगतो: जिथे शंका नाही तिथे फासा टाकू नये. आणि एक पडला की हमखास चुकलं हा नियम हल्ल्यापुरता आहे, इतर कामांना नाही. पण बऱ्याच टेबलांवर लोक सगळीकडेच तसं धरतात.

यातून जे निघालं ते या प्रकल्पातलं मला सगळ्यात आवडलेलं कलम आहे. ज्या कामावर हात बसलाय, त्याला कवड्या. जिथे जिवावर बेततं आणि काहीही होऊ शकतं, तिथे फासा. नांगरणी, मांडे, गाडी हाकणं, सुईदोरा, हिशेब: कवड्या. तलवार, पूर, वाघ, राजाचा राग: फासा. पात्र तयार करताना प्रत्येकाने एक काम ठरवायचं, ज्याला आयुष्यभर कवड्याच टाकायच्या.

बुधवार, ३० एप्रिल

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. माहेरवाशिणी घरी आल्यात, गच्चीवर झोके आणि गाणी. नकाशावर फक्त बोरी नदी पुरी केली.

रविवार, ११ मे

पहिली मोहीम आज खऱ्या अर्थाने चालू झाली. धान्याची बैलगाडी थाळनेरला पोचवायची. तापीकाठचं थाळनेर ही फारुकींची सुरुवातीची राजधानी. किल्ल्याचे अवशेष आणि सुलतानांच्या कबरी अजून आहेत. वाट उन्हाची, महिना वैशाखाचा.

नियमपुस्तकात कडक उन्हाचा नियम आहे. तापमान १०० अंश फॅरनहाइटला, म्हणजे साधारण ३८ सेल्सिअसला पोचलं किंवा त्याच्या वर गेलं आणि प्यायला पाणी नसलं, तर दर तासाला अंगातली ताकद तपासायची. पहिल्या तासाला पाच किंवा त्याहून जास्त यायला हवं, पुढे दर तासाला एकेक वाढत जातं. चुकलं की थकव्याची एक पायरी. सहाव्या पायरीला मरण. लिहिणाऱ्याने नीट विचार केलाय, फक्त त्याच्या डोळ्यांसमोर वाळवंटातली एखादी सफर असावी. आमच्याकडे ३८ हे सकाळी अकराचं तापमान आहे आणि त्यात लग्नं लागतात.

पाण्याचा हिशेब असा. माणसाला उन्हात रोज दोन गॅलन, साडेसात लिटर. चार माणसांना तीस. मी पाटी ओढून लिहायला लागले, तेवढ्यात बापू म्हणाले, "ताई, मन्हा बैलले पानी कोन पाजी?"

पुस्तकात मोठ्या जनावराला दिवसाला चार गॅलन, म्हणजे १५ लिटर दिलंय. बापूंनी मान हलवली. "एवढं तं तो एक दममा पी टाकस." मग उन्हाचं दुप्पट धरून बैलाला तीस, दोन बैलांना साठ असं ठरवलं. तेही त्यांना कमीच वाटत होतं, पण खेळापुरतं मान्य केलं. एकूण ९० लिटर. वाटेतली विहीर आटलेली. गाडीत पाणी नाही.

भाच्याचं पात्र पुजारी, पहिल्या लेव्हलचा, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पायरीवरचा. त्याला पाणी निर्माण करायचा मंत्र येतो: एका वेळी दहा गॅलन, ३८ लिटर. पण दिवसाला असे दोनच मंत्र, आणि जखम भरायचा मंत्रही याच दोनांतून जायचा. दोन्ही पाण्यात घातले तरी ७६ लिटर. चौदा कमी. आणि संध्याकाळी लांडगे आले तर जखमेला काही उरत नाही.

यावर ती माणसं तासभर बोलली. अप्पांचं म्हणणं, एक मंत्र राखून ठेवा, माणसं अर्ध्या पाण्यावर काढतील. वहिनी म्हणाल्या, धान्याची दोन पोती पुढच्या गावात पाण्याच्या बदल्यात द्या. बापूंचं एकच: आधी बैल. बैल बसला की गाडी, धान्य, वचन सगळं इथेच बसलं. शेवटी दोन्ही मंत्र पाण्याला गेले, बैलांना पोटभर पाजलं आणि चौदा लिटरची तूट माणसांनी आपसात वाटून घेतली. फासे पडले ते त्यानंतर. अप्पांच्या पात्राला थकव्याची एक पायरी चढली आणि ती त्यांनी कुरकुर न करता लिहून घेतली.

भाच्याला वाटत होतं की पाण्याच्या मंत्रामुळे दुष्काळाची मोहीम रचताच येणार नाही, एक पुजारी आणला की झालं. आकडे मांडले तर तसं नाही. जलजीवन मिशन ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर धरतं. पहिल्या लेव्हलच्या पुजाऱ्याने दिवसभराची सगळी पुण्याई ओतली तरी दीड माणसाचंही घरगुती पाणी भागत नाही. दुष्काळ शाबूत राहतो. पुजाऱ्याने कोणाला द्यायचं हा प्रश्न मात्र उभा राहतो, आणि तो फार जड प्रश्न आहे.

एक भर: पुस्तकातला नियम पाणी असलं की उन्हाकडे बघतच नाही. आमच्या पुस्तिकेत बारा ते चार गाडी चालणार नाही. चालवायचीच असेल तर बैलांसाठी फासा. रात्री चालायचं असेल तर डोंगराकडून काय उतरेल त्याची तयारी ठेवायची.

रविवार, २५ मे

आज बाकी कामं बाजूला ठेवून विश्रांतीचा नियम चर्चेला घेतला. पाचव्या आवृत्तीत आठ तासांची मोठी विश्रांती झाली की गेलेले सगळे हिट पॉइंट, म्हणजे पात्र किती मार सोसू शकतं त्याचे आकडे, परत येतात. काल रात्री मरणाच्या दारात असलेला माणूस सकाळी ठणठणीत. गायगॅक्सने १९७९ च्या पुस्तकात समजावलं होतं की हिट पॉइंट म्हणजे नुसतं मांस आणि रक्त नाही. त्यात कौशल्य, नशीब, देवाची कृपाही आली. तरी टेबलावर सगळे त्याला जखमच म्हणतात.

भाच्याने प्रस्ताव मांडला: जखमा आठवड्याने भराव्यात, आपल्या जगात शोभेल असं. अप्पांनाही पटलं. माझाही कल तिकडेच होता.

बापू दिवसभर ठिबकच्या नळ्या अंथरून आले होते. शेतातली लाईट सध्या रात्री येते, म्हणून दहाला उठून मोटर चालू करायला जायचं होतं. ते म्हणाले, "सकायले उठनू का आंग दुखत नही, एवढं राहू द्या ताई."

त्यावर कोणी काही बोललं नाही. नियम आहे तसाच ठेवला.

आणि तिथून या प्रकल्पाची कसोटी माझ्यापुरती पक्की झाली. रोजच्या जगण्यातली प्रत्येक अडचण खेळात आणायची नाही. जी आणल्यावर माणसं एकमेकांकडे तोंड करून ठरवायला बसतात ती आणायची: पाणी, उधारी, बैल. जी आणल्यावर माणूस नुसता सोसतो ती बाहेर ठेवायची: पाठदुखी, दवाखान्याचं बिल, झोप. बापूंना सोसायचा सराव करण्यासाठी रविवारी गच्चीवर यायची गरज नाही. आठ तासांत बरं होणारं अंग हा या खेळाने दिलेला मोठा मान आहे, आणि तो ज्यांची अंगं राबतात त्यांनाच सगळ्यात जास्त कळतो.

रविवार, ८ जून

कसोटी लावून कात्री चालवली. नाण्यांचं वजन गेलं. मशालींचा तासाचा हिशेब गेला. ओझ्याचा नियम बदलला: पुस्तकात साधारण ताकदीचा माणूस १५० पौंड, म्हणजे ६८ किलो पाठीवर घेऊन दिवसाला २४ मैल चालतो, जणू अमळनेरहून धुळं गाठतो, आणि रात्री हसत जेवतो. मार्केट यार्डातल्या हमालाला हे वाचून दाखवलं तर तो आधी ताकद विचारेल आणि मग पगार. आमच्याकडे एवढंच: दोन्ही हात भरलेले असतील तर तिसरी वस्तू घेण्यासाठी एक खाली ठेवायची. काय ठेवायचं ते ठरवा.

पडण्याचा नियम ठेवला. दर दहा फुटांना सहा बाजूंचा एक फासा, जास्तीत जास्त वीस फासे, म्हणजे सरासरी ७० हिट पॉइंट जातात. दहाव्या लेव्हलचा लढवय्या लळिंगच्या कड्यावरून उडी मारून धूळ झटकत उठू शकतो. भाचा यावर हसतो. मला त्यात खटकण्यासारखं काही वाटत नाही. भीम पडला असता तर असाच उठला असता.

रविवार, २२ जून

खेळ नाही. बापू शेतात, वहिनींच्या दुकानात हिशेबाची गर्दी. नुसता नकाशा रंगवला.

रविवार, ६ जुलै

आषाढी. उपासाची भगर खाऊन बसलो.

या खेळातल्या मोहिमा बहुतेक वेळा अशा सुरू होतात: चार अनोळखी माणसं एका दारूच्या गुत्त्यात भेटतात. आई-वडील मेलेले, गाव जळालेलं, मागे कोणी नाही. खेळाडूला ते सोयीचं असतं, कारण मागे कोणी असेल तर डीएम त्याला ओलीस धरतो. पण आमच्या मंडळींना अशी पात्रं धरताच येईनात. अप्पांचं पात्र नव्या गावाच्या पारावर जाऊन बसलं की पारावरचा म्हातारा, म्हणजे मी, विचारणारच: "कोनता गावना शेतस?" आणि अप्पा गावाचं नाव सांगून थांबत नाहीत. मामाचं गाव सांगतात, साडूचं सांगतात, तिथली जत्रा सांगतात. तीस वर्षं एसटीत तिकिटं फाडलेल्या माणसाला तालुक्यातलं कुठलंही गाव नात्यातून सापडतं. चौथ्या वाक्याला म्हातारा त्यांचा लांबचा कोणीतरी निघतो.

म्हणून गुत्ता काढला आणि पार घातला. नात्याचा नियम असा लिहिला: नव्या गावात पोचल्यावर खेळाडूने नातं जोडून दाखवायचं, आणि टेबलावरच्या बाकीच्यांना ते पटायला हवं. पटलं तर त्या गावात एकदा दोन फासे टाकून चांगला तो घ्यायचा. मोबदल्यात ते नातं कागदावर चढतं आणि पुढे कधीतरी त्या घरून बोलावणं येतं: लग्न, बांधाचं भांडण, कोणाचं तरी आजारपण. जायचं की मोहीम पुढे न्यायची हे तेव्हा ठरवा. गेलं नाही तर नातं पुसलं जातं.

वहिनींनी यात एक भर घातली आणि ती तशीच्या तशी छापणार आहे. लग्न झालेल्या बाईच्या पात्राला दोन गावं मिळतील, माहेर आणि सासर. दोन्हीकडचे फायदे, दोन्हीकडची बोलावणी. भाच्याला हा अन्याय वाटला. वहिनी म्हणाल्या, "बरोबर वाटतंय तुला."

रविवार, २० जुलै

दुसरी मोहीम, बकासुराची. एरंडोल म्हणजेच महाभारतातली एकचक्रा नगरी असं इकडे लोक सांगतात. गावात पांडववाडा आहे, आणि जवळच्या पद्मालयाशी भीम-बकासुराची कथा जोडलेली आहे. कथेत गावाने राक्षसाशी करार केलेला असतो: गाडीभर अन्न, दोन रेडे आणि ती गाडी नेणारा माणूस. दर वेळी एका घराची पाळी.

मला त्या पाळीत खेळ दिसला. धुळ्याकडे पांझरेवर फड पद्धत आहे, कित्येक पिढ्यांची: नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, एका फडात एकच पीक, आणि पाणी कोणाला कधी द्यायचं ते शेतकऱ्यांनी मिळून ठरवायचं. पाटकरी पाणी सोडतो, जागल्या राखण करतो. पाणी कमी पडलं की तूट सगळ्यांच्या वाट्याला येते. मी राक्षसाला बंधाऱ्यावर नेऊन बसवलं. त्याची पाळी चुकली की तो पाट अडवतो.

डीएम म्हणून मी लढाईची तयारी ठेवली होती. मंडळी आधी चावडीवर गेली. अप्पांच्या पात्राने पाळीची यादी मागितली. यादी माझ्याकडे लिहिलेली नव्हती, तिथेच बसून घरांची नावं लिहून काढली. त्यांनी बोट ठेवून वाचली आणि विचारलं, "पाटलाचं घर कुठंय यात?" ते नव्हतं. खरंच सुचलं नव्हतं मला, पण त्यांनी विचारल्यावर ते नसणंच योग्य होतं.

पुढचा सगळा वेळ गावसभेत गेला. वहिनींच्या स्वयंपाकिणीने गाडीभर अन्नाचा हिशेब काढून दाखवला: एका घराची पाळी म्हणजे त्या घराची पेरणी बुडाली. बापूंनी जागल्याला विश्वासात घेतलं. भाच्याने बंधाऱ्याच्या दगडांवर मंत्र टाकून पाहिले. शेवटी ठरलं की पाळी पाटलाच्या घरापासून पुन्हा सुरू करायची, आणि गाडीमागे एक माणूस नाही, सगळे फड चालत जातील. मग लढाई.

इथे या खेळाची एक गोष्ट फार ठळक दिसली. नियमाप्रमाणे लढाईची एक फेरी सहा सेकंदांची. बकासुराशी झालेली लढाई पाच फेऱ्यांची, म्हणजे अर्धा मिनिट. टेबलावर तिला तासभर लागला; प्रत्येक घाव, प्रत्येक फासा, प्रत्येक हाक. आणि त्याआधी गावाने दोन महिने धान्य लपवून साठवलं ते मी एका वाक्यात उडवलं होतं. बापूंनी थांबवलं. कोणाच्या घरी, कशात, उंदरांचं काय, पाऊस आला तर काय, ते सगळं बोलून मगच पुढे जाऊ दिलं. आता पुस्तिकेत 'हंगामाची फेरी' असं कलम घातलंय: लढाईत सहा सेकंद तसे शेतात पंधरा दिवस. प्रत्येक पात्राला एक काम, एक दान. कवड्या.

अनुभवाचे गुण राक्षस मारल्याबद्दल दिले तसेच यादी बदलल्याबद्दलही दिले. लढाईशिवाय सुटलेल्या अडचणीला गुण द्यायची मुभा डीएमला मूळ नियमातच आहे. गुण मोजल्यावर वहिनी पहिल्यांदा दुसऱ्या लेव्हलला गेल्या आणि त्यांनी फोनवर माहेरी सांगितलं.

रविवार, ३ ऑगस्ट

कानबाईचा सण. भाऊबंद एका घरी, सुरतेहूनही आलेत. रोट भाऊबंदकीतच खायचे असतात. सुरतेच्या पोरांनी गच्चीवरचा नकाशा पाहून आपलं गाव त्यात नाही म्हणून तक्रार केली. दोन गावं वाढवली.

रविवार, १० ऑगस्ट

पुस्तिका छापायला तयार होत आली. शेवटच्या पानावर परवान्याला लागतो तसा श्रेयाचा मजकूर घातला. अहिराणी वाक्यं जशी टेबलावर आली तशीच ठेवलीत. फासा नसेल तर काय, याला अर्धं पान: एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या टोपीत घालून काढायच्या आणि परत टाकायच्या.

भाचा कॉलेजातल्या मुलांबरोबर जळगावला पहिली मोहीम खेळवून आला. त्या पोरांनी बैल विकून घोडा घेतला. बापूंना हे ऐकून फार वाईट वाटलं. नियमात बंदी घालावी असं त्यांचं म्हणणं होतं. बंदी घातली नाही. पण बैलाची किंमत आता वाढवलीय, आणि विकलेला बैल गावात पुन्हा दिसतो असं एक कलम आलंय.

तिसरी मोहीम तोरणमाळची आहे. यशवंत तलाव, सीताखाई, धुकं, आणि खालच्या पठारावर कधीच न दिसणारा एक प्राणी, एवढं मनात आहे. पण तिथली माणसं भिल्ल आणि पावरा, त्यांचे देव, त्यांची होळी, त्यांची भाषा. ती मोहीम मी अमळनेरात बसून लिहायची नाही. नंदुरबारकडच्या दोन शिक्षिकांशी बोलणं झालंय. त्यांनी आधी खेळून बघतो म्हटलं, आवडला तर लिहितो. पोळा झाला की येणार आहेत. राहायची सोय वहिनींकडे.